हवेची बोट पाण्यात कमी, काठावर जास्त खराब होते



१६ जूनला बंदी लागते ती १५ ऑगस्टपर्यंत. दोन महिने जाळं घरात अन् बोट काठावर. दरवर्षी आपला हिशेब एकच असतो: बंदीत हात रिकामे आहेत, तेव्हा दुरुस्तीचं पाहू. जाळ्याला हा हिशेब चालतो. बाहेर पाऊस पडत राहतो आणि आपण ओसरीवर बसून जाळं सांधतो. पण ज्याच्याकडं रबर बोट आहे, पीव्हीसीची हवेची बोट आहे, किंवा ट्रकच्या ट्यूबवर बसून जो जाळं टाकतो, त्यानं हा हिशेब बदलावा. हवेच्या बोटीचं काम मे महिन्यात, फार तं जूनच्या पहिल्या पंधरवड्यात उरकायचं असतं. बंदी लागल्यावर नाही.

काऊन? कारणं दोन आहेत. एक कारण सोल्युशनच्या डब्यात आहे आणि दुसरं वैनगंगेच्या पुरात.

डब्यातलं कारण

ठिगळ लावायचं सोल्युशन दमट हवेत नीट धरत नाही. सोल्युशन लावलं की त्यातला पातळ भाग उडून जातो. उडताना तो खालचा पृष्ठभाग थंड करतो. हवा दमट असली की त्या थंड जागेवर पाण्याचा अगदी बारीक थर बसतो. तो डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही. त्याच्यावर ठिगळ दाबलं की वरून पक्कं वाटतं, आणि महिन्याभरात कडेनं सुटायला लागतं. मग आपण म्हणतो, सोल्युशनच डुप्लिकेट होतं. बऱ्याच वेळा सोल्युशन चांगलं असतं, महिना चुकलेला असतो. हवेतला ओलावा ७० टक्क्यांच्या खाली, जमलं तं ६० च्या खाली असावा, असा साधारण नियम आहे. आपल्या बालाघाटात मृग लागून पाऊस सुरू झाला की एवढी कोरडी हवा दिवसेंदिवस मिळत नाही.

पुराचं कारण

ऑगस्ट २०२० चे शेवटचे दिवस आठवा. वरून पाऊस, शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून सोडलेलं पाणी, आणि वैनगंगा काठ सोडून शेतात, गावात शिरली. बालाघाट, गोंदिया, भंडारा, खाली गडचिरोलीपर्यंत तिनं कोणाला सोडलं नाही. भंडाऱ्याच्या खाली गोसीखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले होते.

अशा वेळी सरकारी पथक येतंच. आपल्या राज्याचं आपत्ती पथक येतं, होमगार्ड येतात. तिकडं महाराष्ट्रात नागपूरहून एसडीआरएफ निघते. पण पाणी दारात आलं त्या घडीला आणि पथक पोचलं त्या घडीला मधे काही तास जातात. त्या तासांत गावकरी कोणाकडं धावतात? ढिवराच्या, केवटाच्या, कहाराच्या घरी. "बोट हाय का?" हाच पहिला प्रश्न असतो. त्या वेळी आपल्या बोटीला दोन ठिगळं बाकी असली आणि "बंदी उठली की करू" म्हणून ती कोपऱ्यात पडली असली, तं उत्तर काय देणार?

म्हणून हा लेख मासोळीच्या हंगामासाठी आहे आणि पुरासाठीही.

आधी आपली बोट ओळखा

आपल्याकडं हवेवर तरंगणाऱ्या वस्तू तीन जातीच्या दिसतात. तिघींचा स्वभाव वेगळा, औषधही वेगळं.

पहिली, ट्रकची ट्यूब. जलाशयात फास्याचं जाळं लावायला आणि सोडवायला ती बरीच भाऊमंडळी वापरतात. ही बहुतेक ब्यूटाइल रबराची असते. हवा धरून ठेवायला एक नंबर, म्हणूनच ती चाकात घालतात. पंक्चर झाली तं दुकानातलं गरम ठिगळ तिला चालतं. पण तिच्यात कप्पा एकच असतो. फुटली की सगळी गेली.

दुसरी, पीव्हीसीची बोट. हलकी असते, स्वस्त पडते. पातळ कापडाची असते ती तलावात फिरायला केलेली असते, रोजच्या कामाला नव्हे. जाड कापडाची असते ती कामाची. पीव्हीसीला मऊ ठेवण्यासाठी त्यात एक तेलकट पदार्थ मिसळलेला असतो. ऊन आणि उष्णतेनं तो हळूहळू निघून जातो. मग बोट कडक होते, घडीवर तडकते.

तिसरी, जाड रबरी कापडाची रेस्क्यू बोट. आपत्ती पथकाकडं असते ती बहुतेक याच जातीची. तिच्या कापडाला बाजारात हायपालोन म्हणतात. हे अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीनं काढलेलं नाव. त्या कंपनीनं २०१० च्या सुमारास ते बनवणं बंद केलं, आता तसाच माल दुसरे कारखाने करतात, पण नाव तेच राहिलं. ऊन, तेल, पेट्रोल याला ही पीव्हीसीपेक्षा जास्त दाद देत नाही. किंमतही तशीच जास्त.

पीव्हीसी आहे का हायपालोन, हे कळत नसेल तं एक सोपी खूण आहे. बोटीच्या आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, कापसावर ॲसिटोनचा एक थेंब घेऊन घासा. पृष्ठभाग चिकट झाला तं पीव्हीसी. चिकट झाला नाही आणि कापसावर थोडा रंग उतरला तं हायपालोन. एवढी खात्री करूनच सोल्युशन घ्या. पीव्हीसीला पॉलियुरेथेनचं, हायपालोनला निओप्रिनचं. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन पीव्हीसीवर टिकत नाही. आणि फेविक्विक तं लावूच नका. ते वाळलं की काचेसारखं कडक होतं, बोट वाकली की तडकतं, आणि त्या जागी पुढं चांगलं ठिगळही बसत नाही.

सर्वांत मोठा वैरी: दुपारचं ऊन

१९५२ साली अलँ बोंबार नावाच्या एका फ्रेंच डॉक्टरनं जेमतेम १५ फुटांच्या रबरी बोटीला शीड लावून एकट्यानं अटलांटिक महासागर ओलांडला. कॅनरी बेटांवरून निघून ६५ दिवसांनी तो बार्बाडोसला लागला. एवढ्या लाटांत ती बोट टिकली. आणि आपल्या इथं तलावावरची बोट दोन वर्षांत का जाते? कारण पाण्यात असते तेव्हा तिला पाणी थंड ठेवतं. काठावर असते तेव्हा तिला आपण उन्हात टाकून घरी जेवायला जातो.

हिशेब पहा. सकाळी सात वाजता हवा २५ अंशांची असताना बोटीच्या ट्यूबमध्ये ३ पीएसआय दाब भरला. दुपारी ती काठावर उन्हात पडली. काळी किंवा गडद रंगाची ट्यूब असेल तं आतली हवा ५० अंशांवर जायला वेळ लागत नाही. हवा भरली तेवढीच आहे, पण दाब ३ वरून जवळजवळ साडेचारवर गेला. म्हणजे दीडपट. शिवणीवर, जोडावर तेवढा ताण पडला. रोज दुपारी एवढा ताण, आणि वरून उष्णतेनं जोडाचं सोल्युशन मऊ झालेलं. एक दिवस फट् आवाज येतो आणि आपण म्हणतो, बोट फुटली. ती एका दिवसात फुटत नाही बाप्पा, रोज दुपारी थोडी थोडी फुटत असते.

आता उलटं पहा. भर दुपारी काठावर बोट टणक भरली आणि पाण्यात सोडली. पाणी २८ अंशांचं. आतली हवा थंड झाली, दाब ३ वरून दोनच्याही खाली आला. बोट ढिली पडली. आपल्याला वाटतं गळती लागली. म्हणून पाण्यातच आणखी पंप मारतो. संध्याकाळी घरी येताना ती तशीच भरलेली ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती तशीच उन्हात. इथंच शिवण जाते.

म्हणून तीन गोष्टी पाळा:

– बोट पाण्यात टाकल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग दाब पाहून थोडी हवा भरा.
– पाण्याबाहेर काढून उन्हात ठेवायची वेळ आली तं आधी थोडी हवा सोडा. बोटानं दाबल्यावर ट्यूब आत जाईल एवढी ढिली करा.
– शक्यतो झाडाच्या सावलीत ठेवा. सावली नसेल तं फिक्या रंगाची ताडपत्री, जुनी चादर, ओला बारदाना, काहीही टाका.

हवा किती, आणि कशानं भरायची

बोटीवर एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर दाब, माणसांची संख्या, वजन आणि इंजिनची ताकद लिहिलेली असते. ती पट्टी घासून जायच्या आधी मोबाईलमध्ये तिचा फोटो काढून ठेवा. बाजूच्या ट्यूबला बहुतेक ३ ते साडेतीन पीएसआय दाब लागतो. हवेची जमीन असलेल्या बोटीत खालच्या गादीला जास्त, ८ ते १२ पर्यंत. पण आपल्या बोटीवर लिहिलंय तेच खरं.

ट्रकच्या चाकात हवा भरायचा कॉम्प्रेसर बोटीला लावू नका. चाकाला १०० च्या वर पीएसआय लागतो, बोटीला ३. डोळा लागायच्या आत जोड उघडून जातो. पायपंप किंवा हातपंपच बरा. आणि गाडीच्या टायरचा दाब मोजायचा काटा इथं कामाचा नाही, तीन-चार पीएसआय त्याच्यावर नीट दिसतच नाही. कमी दाबाचा काटा मिळतो, तो समितीनं एक घेऊन ठेवावा. सगळ्यांच्या बोटी त्याच्यावर तपासून होतात.

हवा भरायची पण एक रीत आहे. बोटीत तीन-चार कप्पे असतात. एक कप्पा पूर्ण टणक आणि शेजारचा रिकामा, असं करू नका. मधला पडदा एका बाजूला ताणला जातो आणि सुटतो. पडदा आतून सुटला की तो बाहेरून दुरुस्त होत नाही. सगळ्या कप्प्यांत आधी अर्धी अर्धी हवा, मग फेरी मारून पूर्ण. सोडतानाही तसंच, थोडी थोडी सगळ्यांतून.

वाळू, खुंट आणि मासोळीचा काटा

वैनगंगेची वाळू डोंग्याला काही करत नाही. हवेच्या बोटीला ती कानशीसारखी लागते. बाहेरून ओढताना तळ घासतो ते दिसतं. पण जास्त नुकसान आतून होतं. बाजूची ट्यूब आणि तळाचं कापड जिथं जुळतं, त्या बेचक्यात वाळू जाऊन बसते. आपण आत पाय ठेवतो, फळी हलते, आणि वाळू त्याच जागी दिवसभर घासत राहते. काम संपलं की फळ्या काढा आणि त्या बेचक्यात बादलीनं पाणी मारा. पाच मिनिटांचं काम आहे. बोट ओढू नका, दोघांनी उचला. एकटे असाल तं खाली बारदाना टाकून सरकवा.

बावनथडीचा राजीव सागर असो की दुसरा कोणता जलाशय, बुडालेल्या झाडांची खुंटं पाण्याखाली असतातच. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती वर येतात. त्याच वेळी खुंटांच्या जागा पाहून ठेवा आणि नव्या पोरांना दाखवा. पावसाळ्यात पाणी चढलं की त्या दिसत नाहीत, पण तिथंच असतात.

आणि मासोळी. रोहू, कतला काही करत नाहीत. पण टेंगरा आणि सिंगी यांचा काटा पातळ पीव्हीसीत आरपार जातो. जाळं बोटीत ओढताना खाली जाड बारदाना किंवा ताडपत्री असू द्या. काट्याची मासोळी वेगळ्या टोपल्यात टाका. विळी आणि कातरी उघडी ठेवू नका. जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या ट्यूबवरून ओढू नका, आधी उचलून आत घ्या.

ट्यूबवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी. ट्यूबच्या व्हॉल्व्हची पितळी नळी वर आलेली असते. जाळं तिच्यात अडकतं, आणि पाण्यात पडलो तं अंगालाही लागते. तिच्यावर जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ठेवा. आणि दर महिन्याला ट्यूब थोडी भरून हातानं ताणून पहा. बारीक भेगांची जाळी दिसायला लागली, विशेषतः व्हॉल्व्हच्या बुडाशी, तं त्या ट्यूबवर भरवसा ठेवू नका. तिला ठिगळ लावून उपयोग नाही, रबरच म्हातारं झालंय.

इंजिन लावत असाल तं पेट्रोलचा डबा थेट ट्यूबला टेकवू नका. खाली घमेलं किंवा प्लास्टिकचा ट्रे ठेवा. पेट्रोल सांडलं तं लगेच साबणाच्या पाण्यानं धुवा. मागच्या फळीचे जोड, जिथं इंजिन बसतं, ते दर आठवड्याला पहा. इंजिनचा सगळा जोर त्याच जोडांवर असतो.

गळती शोधायची रीत

संध्याकाळी, सावलीत, बोट पूर्ण दाबानं भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दाब पाहिला तं तो कमीच दिसणार, कारण रात्रीच्या गारव्यानं हवा आकसते. म्हणून तपासणी सकाळ ते सकाळ करा. एका सकाळी सात वाजता भरा, दुसऱ्या सकाळी सात वाजता मोजा. हवामान तेच असताना दाब बराच उतरला तं गळती खरी.

मग भांडी घासायच्या साबणाचं पाणी करा आणि ब्रशनं लावा. क्रम असा ठेवा: आधी व्हॉल्व्ह, मग शिवणी आणि जोड, मग कड्या आणि दोरीच्या पट्ट्या, शेवटी मोकळं कापड. बरेच लोक उलटं करतात, आख्खी बोट पाहतात आणि व्हॉल्व्ह विसरतात. व्हॉल्व्हच्या रबरी चकतीवर वाळूचा एक कण बसला तरी हवा जाते. चकती स्वच्छ पाण्यानं धुतली की काम झालं, ठिगळ लागत नाही.

बुडबुडा दिसला की पेनानं गोल करा. सगळी बोट होईपर्यंत थांबू नका, पाणी वाळलं की जागा सापडत नाही.

बाहेर कुठंच बुडबुडा नाही आणि तरी एक कप्पा उतरतो, तं मधला पडदा पहा. एकच कप्पा भरा, शेजारचे रिकामे ठेवा. पडदा ताणला जाऊ नये म्हणून निम्मीच हवा भरा. काही तासांनी शेजारचा कप्पा आपोआप फुगायला लागला तं पडद्यातून गळती आहे. हे काम घरी होत नाही. अशी बोट पुराच्या कामाला काढू नका.

ठिगळ असं लावा की परत पाहावं लागू नये

१. दिवस कोरडा, जागा सावलीची. मे महिन्यात भर दुपारी लावू नका. ४४-४५ अंशांत सोल्युशन पसरवायच्या आत वाळतं. सकाळी आठ-नऊची वेळ बरी.

२. हवा पूर्ण सोडा. जागा सपाट लाकडी पाटावर घ्या.

३. ठिगळ त्याच जातीच्या कापडाचं. भोकाच्या चारही बाजूंनी किमान दोन इंच जास्त. आकार गोल कापा. चौकोनी ठिगळाचा कोपरा आधी सुटतो.

४. ठिगळ ठेवून पेनानं त्याची कड आखून घ्या.

५. हायपालोन असेल तं बोट आणि ठिगळ दोन्ही बारीक पॉलिश पेपरनं घासा, चमक जाईपर्यंत. कापडाचा धागा दिसेपर्यंत नाही. पीव्हीसी असेल तं ॲसिटोनच्या कापडानं एकदा पटकन पुसा. भिजवू नका. नंतर त्या जागेला बोट लावू नका, हाताचं तेल लागतं.

६. सोल्युशनमध्ये हार्डनर मिसळायचा असेल तं डब्यावर लिहिलंय तेवढाच. अंदाजानं नको. दोन्ही बाजूंना पातळ थर. वाळू द्या. पुन्हा पातळ थर. एक जाड थर कधीच दोन पातळ थरांएवढा धरत नाही.

७. बोटाला किंचित चिकट लागेल, पण बोटावर येणार नाही, तेव्हा ठिगळ मधून बाहेर दाबत बसवा. आत हवा राहू नये. चमच्याच्या पाठीनं किंवा लाटण्यानं दाबा.

८. वर वजन ठेवा आणि किमान २४ तास हवा भरू नका. डब्यावर जास्त लिहिलं असेल तं तेवढं थांबा. घाई इथंच नडते.

उघडलेला जुना डबा, जो जेलीसारखा झालाय, तो टाकून द्या. डब्याची तारीख वाचूनच घ्या.

पाण्यात असताना पंक्चर झालं तं आधी काठ गाठा. बाकीचे कप्पे भरलेले असतात, बोट लगेच बुडत नाही. सगळे जण भरलेल्या बाजूला सरका, फुटलेल्या बाजूचं वजन काढा, हलू नका. चिकटपट्टी कोरड्या जागेवर काही वेळ चालते, पण तिला दुरुस्ती म्हणू नका.

ठेवायची जागा

गोड्या पाण्यानं धुवा, साध्या साबणानं. ब्लिचिंग पावडर, रॉकेल, पेट्रोल नको. चकचकीत करणारे पॉलिशही नको, त्यातल्या काहींत सिलिकॉन असतं आणि पुढं ठिगळ धरत नाही. मग उलटीपालटी करून पूर्ण वाळवा. घडीत राहिलेल्या ओलीनं बुरशी लागते आणि जोड सुटतात. वाळल्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरा, म्हणजे कापडाला कापड चिकटत नाही.

दरवेळी एकाच रेषेवर घडी घालू नका. ढिली गुंडाळा, वर जड सामान ठेवू नका.

आणि आपल्या भागातलं खास: उंदीर. आपण धानाच्या मुलखात राहतो. घरोघरी कोठी आहे, कोठीजवळ उंदीर आहे. बोटीला मासोळीचा वास राहिला आणि ती कोठीजवळ ठेवली, तं पावसाळा संपेपर्यंत तिला किती भोकं पडतील सांगता येत नाही. बोट वास जाईपर्यंत धुवा, जमिनीवर न ठेवता फळीवर किंवा टांगून ठेवा, आणि दर आठवड्याला उघडून पहा.

पावसाळ्यात पुरासाठी हाताशी ठेवायची बोट मात्र गुंडाळू नका. समितीच्या खोलीत किंवा शेडमध्ये अर्धी भरून फळीवर ठेवा. तिच्यासोबतच पंप, वल्ही, लांब दोरी, टॉर्च आणि लाइफ जॅकेट. पंप एका घरी आणि वल्हं दुसऱ्या घरी असलं, तं रात्री दोन वाजता काही सापडत नाही.

बोट धड असली तरी

शेवटचं, पण सगळ्यांत मोठं. १४ सप्टेंबर २०२१ ला अमरावती जिल्ह्यात झुंज इथं वर्धा नदीत बोट उलटली, ११ जण गेले. २३ जानेवारी २०२४ ला गडचिरोली जिल्ह्यात गणपूरजवळ आपल्याच वैनगंगेत शेतमजूर बायांची नाव उलटली, सहा जणी गेल्या. मे २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्यात प्रवरा नदीत बुडालेल्यांना शोधायला गेलेल्या एसडीआरएफच्या पथकाची बोट उलटली आणि तीन जवान गेले. ते शिकलेले, सराव केलेले लोक होते. नदी कोणाचं प्रशिक्षण पाहत नाही.

म्हणून पट्टीवर पाच लिहिलेत तं सहावा माणूस बसवायचा नाही, तो सरपंच असला तरी. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कोणी चढायचं नाही, आपण स्वतःसुद्धा. पोहता येतं हे कारण चालत नाही. पुराच्या पाण्यात वाहून आलेलं लाकूड डोक्याला लागलं की पोहणं विसरायला होतं. आणि पथक आलं की त्यांच्या सांगण्यानं चालायचं. आपल्याला नदीचे खोलगे ठाऊक आहेत, ते त्यांना सांगायचे.

जाता जाता एक आठवण. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांचा सामूहिक अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख, दवाखान्याला २५ हजारांपर्यंत. हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरतं. याच योजनेत पारंपरिक मच्छीमारांना जुन्या बोटीच्या जागी नवी बोट आणि जाळ्यासाठी मदतही आहे. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के. यादीत आपलं नाव आहे का, ते मत्स्य विभागाच्या ऑफिसात जाऊन पाहून घ्या. बायकोचं, वहिनीचं नावही पहा, जाळं त्याही ओढतात.

या आठवड्यात करायचं काम

बोट बाहेर काढा. पट्टीचा फोटो घ्या. सकाळ ते सकाळ दाब मोजा. साबणाचं पाणी मारा. ठिगळ लागत असेल तं ढग यायच्या आत लावा. बोटीचं सामान एका जागी आणा. आणि समितीच्या वहीत लिहा: कोणाची बोट, किती माणसांची, चालू का बंद, किल्ली कोणाकडं. पूर आला तं त्या एका पानावरून आख्ख्या गावाला कळेल की कोणाच्या दारी जायचं.

ज्यांच्याकडं चांगलं ठिगळ लावायचा हात आहे, त्या दादा-काकांनी एक दिवस काढून पोरांना शिकवावं. जागा आणि दिवस ठरला की इथं खाली लिहा, बाकीचे येतील. ही पोस्ट आपल्या गावच्या गटात, आणि नदीपलीकडच्या गोंदिया-भंडाऱ्याच्या सोयऱ्यांनाही पाठवा. पाणी दोन्ही काठांना एकच आहे.